युद्धकाळातील अन्नतपासणी

दुसऱ्या महायुद्धापूर्वी ब्रिटनला लागणाऱ्या अन्नाचा मोठा भाग समुद्रमार्गे येत असे. जहाजे बुडू लागताच या अन्नाचे मोल वाढले आणि ८ जानेवारी १९४० रोजी लोणी, साखर व खारवलेले डुकराचे मांस यांचे शिधावाटप सुरू झाले. साहजिकच स्थानिक स्वच्छता-निरीक्षकापुढे पेच उभा राहिला. संशयास्पद अन्न नष्ट करावे, तर लोकांच्या तोंडचा घास जातो; विकू द्यावे, तर रोग पसरतो.

१ ऑक्टोबर १९३९ रोजी अमलात आलेल्या अन्नविषयक कायद्याने निरीक्षकास सदोष माल ताब्यात घेण्याचा अधिकार दिला होता. मात्र तो नष्ट करण्याचा हुकूम न्यायदंडाधिकारी देई. ७ सप्टेंबर १९४० रोजी लंडनच्या गोदीतील वखारी पेटल्या व पुढे शहरांवर सतत बाँबवर्षाव होत राहिला. पिठात काचेचे कण मिसळत, फुटलेल्या गटारांचे पाणी दुकानांत शिरे. अशा वेळी सर्वच माल फेकून देणे परवडणारे नव्हते. धडधाकट डबे धुऊन वापरता येत. फुगलेले डबे मात्र धोक्याचे असत. माणसांना अयोग्य ठरलेले काही अन्न जनावरांच्या उपयोगी पडे.

१९४० मध्येच मांसाचा व्यवहार सरकारने हाती घेतला. हजारो लहान कत्तलखाने बंद होऊन काही शेच उरले. यामागील हेतू वाटपाच्या सोयीचा होता. परंतु त्यामुळे तपासणीही सुकर झाली. एका निरीक्षकाला विखुरलेल्या अनेक ठिकाणी एकाच वेळी हजर राहणे पूर्वी शक्यच नव्हते.

साथींच्या भीतीने १९३९ मध्ये आणीबाणीच्या जंतुपरीक्षा प्रयोगशाळाही स्थापन झाल्या होत्या. अमेरिकेतून येणाऱ्या अंड्यांच्या भुकटीबरोबर साल्मोनेला जंतूंचे काही नवे प्रकार देशात आल्याचे परीक्षणांतून उघड झाले. कोरड्या भुकटीत हे जंतू वाढत नाहीत. पाण्यात कालवून ती तशीच ठेवल्यास मात्र झपाट्याने वाढतात. म्हणून कालवलेली भुकटी लगेच शिजविणे आवश्यक होते.

युद्धानंतर १९४६ च्या कायद्याने या प्रयोगशाळांना कायम स्वरूप मिळाले. कत्तलखान्यांचे तसे झाले नाही. १९५४ मध्ये नियंत्रण उठताच खासगी कत्तलखाने पुन्हा उघडू लागले आणि सर्व मांस तपासायचे कसे, हा जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला. युद्धाच्या निकडीने लाभलेली सोय कायद्याच्या आधाराशिवाय टिकत नाही, हे यावरून स्पष्ट होते.