निवडला गेलेला खेळाडू, निवडणारा माणूस

शनिवारी मुलांना फुटबॉलच्या सरावाला सोडून आम्ही मैदानाच्या कडेला उभे राहतो. कधीतरी मोठ्या क्लबचा, गुणी खेळाडू हेरणारा माणूस तिथे येतो. तो कोणत्या मैदानांवर कधीच जात नाही, या प्रश्नाने आम्हाला जॉन मोरिआर्टी यांच्या आयुष्याकडे नेले.

मोरिआर्टी नॉर्दर्न टेरिटरीतील बोरोलूलाचे. आई यान्युवा आदिवासी, वडील आयरिश. मिश्र वंशाच्या मुलांना आईपासून तोडण्याचे तेव्हा सरकारी धोरण होते. चार वर्षांच्या जॉनलाही असेच नेण्यात आले. आधी न्यू साउथ वेल्समधील मुल्गोआ येथे, पुढे अ‍ॅडलेडच्या सेंट फ्रान्सिस हाउसमध्ये. आई पुन्हा दिसली ती ते पंधरा वर्षांचे असताना, अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या रस्त्यावर, योगायोगाने.

अ‍ॅडलेडमध्ये क्रोएशियन आणि इटालियन स्थलांतरितांच्या क्लबांनी त्यांना बरोबरीचे स्थान दिले. परदेशातून आलेल्या आम्हाला ही गोष्ट विशेष महत्त्वाची वाटते. 1960 मध्ये ते ऑस्ट्रेलियाच्या संघात निवडले गेलेले पहिले आदिवासी फुटबॉलपटू ठरले. मात्र हस्तांतर शुल्क न भरता युरोपीय खेळाडू आणल्याबद्दल फिफाने ऑस्ट्रेलियाला निलंबित केले आणि दौरा रद्द झाला. देशाकडून खेळणे राहूनच गेले. 1970 मध्ये त्यांनी फ्लिंडर्स विद्यापीठाची पदवी घेतली.

ज्या बोरोलूलातून त्यांचे बालपण तुटले, तिथेच 2012 मध्ये त्यांनी ‘जॉन मोरिआर्टी फुटबॉल’ हा उपक्रम सुरू केला. फुटबॉलच्या प्रशिक्षणाबरोबर मुलांची शाळेतील हजेरी आणि आरोग्य यांकडे तेथे लक्ष दिले जाते. गुणी मुलांना शिष्यवृत्ती मिळते. याच वाटेने बोरोलूलाची शादीन एव्हान्स सिडनी एफसीच्या महिला संघापर्यंत पोहोचली.

आम्हाला येथे पळवणकर बाळू आठवतात. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना जातीमुळे नाकारले गेले. बाळूंचा गुण सर्वांना दिसत होता, तरी दार बंद राहिले. बोरोलूलाच्या मुलांचा गुण पाहायला तर कोणी फिरकतही नव्हते.

आज आमच्यापैकी अनेकजण कंपन्यांत मुलाखती घेणाऱ्यांच्या बाजूला बसतात. ओळखीच्या चार विद्यापीठांच्या यादीबाहेरचे किती अर्ज आम्ही उघडून वाचतो? मोरिआर्टी आपल्या गावी परत गेले, तेव्हा त्यांना खेळाडू सापडले.