जुना मिरासदार, नवा उपरी

खेळांचे अर्थकारण : लेखांक ६

ऑनलाइन खेळात नाणे सतत निपजते आणि ते जिरवायची वाट ठेवली नाही तर भाव चढतात, हे मागच्या लेखात पाहिले. आता त्यापुढचा प्रश्न. ‘रुनस्केप’ २००१ पासून चालू आहे, ‘ईव्ह ऑनलाइन’ २००३ पासून. मुरलेल्या खेळाडूंची कोठारे शिगोशीग भरलेली असताना आज उतरलेल्या पोराने त्यांच्या बाजारात टिकायचे कसे? जुन्यांची कमाई हिरावली तर ते निघून जातात. नव्यांना जागा नसली तर खेळच आटतो.

हाच पेच सतराव्या शतकात आजच्या भोर आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यांत उभा होता. १६३०-३२ च्या दुष्काळाने दख्खनची गावे ओस पाडली. जमीन होती, कसणारे हात नव्हते. दुसरीकडे रोहिडखोऱ्यात जेधे, हिरडस मावळात बांदल, गुंजण मावळात शिळीमकर अशा देशमुख घराण्यांचे पिढीजात हक्क होते आणि गावोगाव वारसाहक्काने जमीन धारण करणारे मिरासदार होते. बाहेरून येऊन जमीन कसणारा तो उपरी.

यावरचा पहिला उपाय इस्तावा. पडीक जमीन लागवडीला आणणाऱ्याकडून सुरुवातीला नाममात्र सारा घ्यायचा, तो दरसाल चढवत न्यायचा आणि काही वर्षांनी पूर्ण दरावर आणायचा. शहाजीराजांच्या जहागिरीत दादोजी कोंडदेवांनी मावळ असेच वसवले, असे जुनी साधने सांगतात.

दुसरा उपाय भांडवलाचा. शिवाजी महाराजांच्या कारभाराविषयी बखरकार सभासद लिहितो, की नव्या रयतेला गुरे द्यावीत, बियाण्याला आणि पोटाला दाणापैका द्यावा आणि तो ऐपत पाहून दोन-चार वर्षांत वसूल करावा. यात गुरे आणि बियाणे आहेत, हे मला फार मोलाचे वाटते. नवख्याच्या हातात नुसते नाणे ठेवले, तर त्याच्या गरजेच्या वस्तूंचे भाव चढतात आणि नाणे जुन्या विक्रेत्याच्या कोठारात जाते. बैल आणि बियाणे मात्र उतारावर नाचणी पिकवतात. म्हणून खेळातही नवख्याला द्यायची अवजारे विकता न येणारी असावीत.

तिसरा उपाय जुन्यांसाठी. सभासदाच्या सांगण्याप्रमाणे महाराजांनी देशमुख-पाटलांचे हक्क नेमून दिले, मनमानी वसुली थांबवली आणि बुरुजांचे वाडे बांधायला मनाई केली. मान राहिला, वाटा ठरला. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राचाही सूर तोच आहे: वतनदाराचे वतन विनाकारण तोडू नये आणि त्याला शिरजोरही होऊ देऊ नये. खेळातही याचे उदाहरण आहे: ‘रुनस्केप’चीच आवृत्ती असलेल्या ‘ओल्ड स्कूल रुनस्केप’ने डिसेंबर २०२१ मध्ये बाजारातील विक्रीवर एक टक्का कर लावला. अगदी स्वस्त वस्तूंना तो लागत नव्हता. त्या पैशाच्या काही भागातून वस्तू विकत घेऊन त्या खेळातून कायमच्या काढल्या जातात. कुणाचे कोठार फोडलेले नाही, पण मोठ्या उलाढालीचा वाटा ठरला आहे.

या व्यवस्थेची उणी बाजूही पाहिली पाहिजे. उपऱ्याला गावचे तंटे सोडवणाऱ्या गोतसभेत मिरासदाराचा मान नव्हता. त्याची जमीन बहुधा ठरावीक मुदतीच्या करारावर असे. परागंदा मिरासदार कैक वर्षांनी परतून आपली जमीन मागू शकत असे. अशा जमिनीवर बांध घालायला, विहीर खणायला कोण धजावेल? त्यातून सुटायची वाट एकच होती: गावाला रक्कम देऊन मिरासपत्र करून घेणे आणि स्वतः मिरासदार होणे.

खेळ चालवणाऱ्यांनी हीच वाट आधी मोकळी ठेवावी. सवलत नवख्याला पहिली काही वर्षे तगवते, पण त्याला टिकवते ती आपणही एक दिवस मिरासदार होऊ ही खात्री. ज्या खेळात ती खात्री नाही, त्यात भेटवस्तूंचा पाऊस पाडूनही नवे लोक थांबणार नाहीत.

(पुढील लेखांकात : दर हंगामाला सगळ्यांची पाटी कोरी करणारे खेळ)