संगणकाची प्रस्तावना : बूटलोडर ते कर्नल

खानापूर तालुक्यातल्या बायकांकडून मी काही वर्षे जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करत होते. त्यांतल्या दोघी आज हयात नाहीत. हे सारे ध्वनिमुद्रण माझ्या जुन्या लॅपटॉपवर होते आणि दुसरी प्रत करण्याचे काम मी उद्यावर ढकलत होते. जागा हवी म्हणून एके दिवशी मी डिस्कचा एक रिकामा भाग काढून टाकला. लॅपटॉप पुन्हा सुरू केला, तर काळ्या पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ एवढे दोनच शब्द. दुरुस्तीच्या दुकानात सांगितले, “फॉरमॅट करावे लागेल. आतले काही राहणार नाही.” मी लॅपटॉप तसाच घरी आणला. संध्याकाळी एक माजी विद्यार्थी आला. पडदा पाहून म्हणाला, “मॅडम, ओव्या जागच्या जागी आहेत. सुरुवात करून देणारा तेवढा वाट चुकलाय.” त्याने समजावले ते आणि पुढे मी वाचले ते, इथे मांडते.

बटण दाबले की प्रोसेसर जागा होतो, पण मेमरी तेव्हा कोरी असते. लिनक्ससारखी कार्यप्रणाली असते डिस्कवर. आणि डिस्कवरची फाइल कशी वाचायची हे ठाऊक असते त्या कार्यप्रणालीलाच. मग तिला आणायचे कोणी? बुटाच्या मागची पट्टी ओढून स्वतःलाच वर उचलावे, अशी एक इंग्रजी कल्पना आहे. तिच्यावरून या क्रियेला ‘बूटस्ट्रॅप’ आणि पुढे नुसते ‘बूट’ म्हणू लागले. हा बूट पायातलाच!

माझ्या लॅपटॉपसारख्या जुन्या यंत्रात आधी चालतो तो मदरबोर्डवरच्या चिपमधला बायोस. तो डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे ५१२ बाइट, मेमरीत ठरलेल्या जागी आणतो, शेवटच्या दोन बाइटांतली खूण तपासतो आणि ताबा तिथल्या सूचनांकडे देतो. या सूचनांना जागा मिळते फार तर ४४६ बाइट. उरलेल्या जागेत मुख्यतः डिस्कच्या भागांचा तक्ता असतो. यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे एक चिन्ह ३ बाइट घेते. म्हणजे ४४६ बाइटांत आपली दीडशे चिन्हेही मावत नाहीत. एवढ्यात कार्यप्रणाली कशी बसणार? म्हणून हा चिमुकला कार्यक्रम फक्त पुढच्या, थोड्या मोठ्या कार्यक्रमाला बोलावतो. तो फाइली वाचू शकतो आणि आपला उरलेला भाग डिस्कवरून आणतो. या साऱ्याला मिळून बूटलोडर म्हणतात. ‘ग्रब’ हा त्यांपैकीच एक. मी मधला भाग काढल्यामुळे पुढच्या भागांचे क्रमांक बदलले होते आणि ग्रब आपला उरलेला भाग जुन्याच क्रमांकावर शोधत होता.

सारे सुरळीत असेल, तर बूटलोडर कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, मेमरीत आणतो. सुरुवातीला लागणाऱ्या फाइलींचा एक गठ्ठाही सोबत ठेवतो. मग एक पत्रक भरतो : मेमरी कुठे किती आहे, गठ्ठा कुठे ठेवला आहे, मुख्य फाइली डिस्कच्या कोणत्या भागात आहेत. लिनक्समध्ये या पत्रकाचा नमुना लेखी ठरलेला आहे. पत्रकाचा पत्ता प्रोसेसरच्या एका ठरावीक कप्प्यात ठेवायचा आणि कर्नलच्या आरंभस्थानी उडी घ्यायची, की बूटलोडरचे काम संपले. ही उडी परतीची नसते. बूटलोडरने व्यापलेली मेमरीही कर्नल पुढे आपल्या कामाला घेऊ शकतो. त्यानंतर कर्नल स्वतःची मेमरी-व्यवस्था लावतो, यंत्रसामग्री ओळखतो आणि क्रमांक १ ची प्रक्रिया सुरू करतो. आपल्याला दिसणारे बाकीचे सारे तिथून पुढचे.

हे वाचताना मला आपली रंगभूमी आठवली. १८४३ पासूनच्या विष्णुदास भाव्यांच्या खेळांत सूत्रधार शेवटपर्यंत रंगमंचावर असे आणि पदे तोच गाई. १८८० च्या किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’त तो प्रस्तावना करून निघून जातो, पुढे पात्रे आपापली पदे स्वतः गातात. जुन्या डॉसमध्ये बायोस भाव्यांच्या सूत्रधारासारखा राहत असे. डिस्क वाचायला, पडद्यावर लिहायला डॉस त्यालाच हाक मारी. लिनक्स किर्लोस्करी वळणाचा. बायोसच्या जागी आलेल्या यूईएफआयमध्ये तर ‘प्रारंभीच्या सेवा आता पुरे’ असे रीतसर सांगावे लागते. त्यानंतर घड्याळासारख्या मोजक्याच सेवा उरतात.

विद्यार्थ्याने पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू केले आणि ग्रब पुन्हा बसवला. तासाभरात खोलीत जात्याची घरघर ऐकू आली. त्या रात्री झोपण्यापूर्वी मी दोन प्रती केल्या.

आपल्यापैकी अनेकांची संशोधनसामग्री आज अशाच एखाद्या यंत्रात आहे. ते सुरू झाले नाही, तर ‘गेले’ म्हणण्याआधी कोणत्या टप्प्यावर अडले ते पाहावे. पडद्यावर ‘ग्रब’ दिसतो, म्हणजे बायोसने आपले काम केले आहे, डिस्कचा आरंभ वाचला गेला आहे, आणि आतला मजकूर बहुधा शाबूत आहे. तो दुसरीकडे उतरवून घेईपर्यंत फॉरमॅटला होकार देऊ नये.