पाच फुग्यांची नळी

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातल्या बहुतेक विद्यापीठांत रसायनशास्त्र शिकणं म्हणजे बघणं असे. प्रयोग प्राध्यापक करत, मुलं बाकांवर बसत. स्वतःच्या हातांनी काही करायचं तर एखाद्या बड्या शास्त्रज्ञाची मर्जी लागे. तरुण जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस लिबिगला पॅरिसमध्ये रसायनशास्त्रज्ञ गे-ल्युसॅकच्या प्रयोगशाळेत शिरकाव मिळाला, तोही निसर्गशास्त्रज्ञ हुम्बोल्टने शब्द टाकला म्हणून.

१८२४ मध्ये, एकविसाव्या वर्षी, लिबिग जर्मनीतल्या गीसन विद्यापीठात प्राध्यापक झाला. प्रयोगशाळेसाठी जागा मिळाली ती जुन्या लष्करी बराकीची पहाऱ्याची चौकी. तिथे १८३१ साली त्याने काचेची एक नळी घडवली: त्रिकोणात वाकवलेली, पाच फुगे असलेली. सेंद्रिय पदार्थ कॉपर ऑक्साइडबरोबर जाळायचा. निघालेली वाफ कॅल्शियम क्लोराइडमध्ये अडकते आणि कार्बन डायऑक्साइड फुग्यांतल्या कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात शोषला जातो. नळीचं वजन आधी करा, नंतर करा. फरकावरून पदार्थातला कार्बन कळतो. पूर्वी वायू गोळा करून त्याचं आकारमान मोजावं लागे आणि ते काम निष्णातांनाच साधे. आता मेहनती विद्यार्थ्यालाही ते जमू लागलं. म्हणूनच लिबिगला प्रत्येकाच्या हाती वेगळा, न सुटलेला प्रश्न देता आला. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या बोधचिन्हात ही नळी आजही आहे.

गीसनला वास्तुशास्त्र शिकायला आलेला केकुले लिबिगची व्याख्यानं ऐकून रसायनाकडे वळला. केकुलेचा शिष्य बायर, बायरकडे शिकला धाकटा पर्किन, पर्किनचा शिष्य रॉबर्ट रॉबिन्सन. आणि मँचेस्टरमध्ये रॉबिन्सनच्या हाताखाली तयार झाले के. वेंकटरामन, मुंबईत माटुंग्याला असलेल्या यूडीसीटीचे (मुंबई विद्यापीठाच्या तेव्हाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाचे) पहिले भारतीय संचालक, पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचेही. म्हणजे गीसनची गुरुपरंपरा थेट माटुंग्यापर्यंत येते.

परंपरा आली, पद्धत मात्र सगळीकडे पोचली नाही. आपल्या अनेक महाविद्यालयांत प्रॅक्टिकल म्हणजे ठरलेलं टायट्रेशन, ठरलेलं उत्तर. रीडिंग जुळलं नाही तर ते ‘जुळवायचं’ आणि जर्नलवर सही घ्यायची. यात मुलांचा दोष थोडा. उत्तर आधीच ठाऊक असेल तर ब्युरेटकडे डोळे लावून कोण बसेल?

उपकरणं महाग, वेळ कमी, मुलं जास्त, हे सगळं खरं. तरीही पदवीच्या शेवटच्या वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याला निदान एक प्रश्न असा द्यावा, ज्याचं उत्तर शिकवणाऱ्या बाईंनाही माहीत नसेल.