तोट्यातली गाडी कोणाची?

मैत्रिणींनो, आपल्या शेलूबाजारला सगळं आहे. बाजार आहे, हायवे आहे, आता तर समृद्धी महामार्गाचं चढायचं-उतरायचं ठिकाणही आहे. ११ डिसेंबर २०२२ला नागपूर ते शिर्डी रस्ता सुरू झाला आणि ५ जून २०२५ला मुंबईकडचा शेवटचा टप्पा. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता. पण त्यावर दुचाकी चालत नाही, हात दाखवून गाडी थांबत नाही. ज्याच्या दारात चारचाकी, त्याच्यासाठी तो जवळचा. आणि रेल्वे? ती गाठायची तर आधी एसटीने नाहीतर काळीपिवळीने वाशिम किंवा अकोला गाठायचं.

आमच्या बचत गटाच्या बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा एक मावशी पटकन म्हणाल्या, "ताई, आपल्या गावात रेल्वेच नाही, तं आपल्याले तिचं काय घेनंदेनं?" प्रश्न बरोबर होता. पण घेणंदेणं आहे, आणि ते आपल्या घरखर्चाच्या वहीसारखंच आहे.

रेल्वेच्या घरात दोन लेकरं आहेत असं समजा. एक मालगाडी, दुसरी प्रवासी गाडी. घरात येणाऱ्या शंभर रुपयांतले पासष्टच्या आसपास रुपये मालगाडी कमावून आणते. कोळसा, लोखंडाचं खनिज, सिमेंट, खत, धान्य ही तिची कमाई. प्रवासी गाडीचं मात्र उलटं आहे. प्रवाशाच्या सेवेवर शंभर रुपये खर्च होतात तेव्हा तिकिटातून ५४ रुपयेच घेतले जातात, असं रेल्वेमंत्र्यांनी डिसेंबर २०२४मध्ये लोकसभेत सांगितलं. उरलेला भार मालगाडीच्या कमाईवर. २०२३-२४ या वर्षात शंभर रुपये मिळवायला रेल्वेला अठ्ठ्याण्णव रुपयांहून जास्त खर्च आला. म्हणजे महिनाअखेर हातात दीड रुपया. असं घर चालवणं किती कठीण, ते आपल्याला कोणी शिकवायला नको!

मग मालगाडीने जास्त कमवावं, हे ओघानं आलंच. पण तिथेही गोम आहे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत देशातल्या मालवाहतुकीचा ८५ टक्क्यांच्या आसपास वाटा रेल्वेकडे होता, आता तो २७ टक्क्यांच्या घरात आलाय. बाकीचा माल ट्रकवर गेला. का गेला? आपल्या बाजारातलं सोयाबीन घ्या. मालगाडी भरायची तर एका वेळी चाळीसेक डबे, म्हणजे अडीच हजार टनांच्या आसपास माल लागतो. आपल्याकडच्या एखाद्या व्यापाऱ्याजवळ एवढा माल एका दिवशी कुठून येणार? ट्रक पंधरा-वीस टनांत निघतो, गोदामाच्या दारातून माल उचलतो आणि गिऱ्हाइकाच्या दारात टाकतो. रेल्वे स्वस्त खरी. पण इथून स्टेशनपर्यंत एक चढउतार, तिकडे उतरल्यावर दुसरी. हमाली जोडली की स्वस्ताई संपली.

हा चढउताराचा खेळ काय करू शकतो, ते आपल्याच जिल्ह्यातल्या कारंजाकरांना विचारा. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही आपली शकुंतला! इंग्रजांच्या काळात किलिक निक्सन या कंपनीने वऱ्हाडचा कापूस मुंबईला आणि तिथून मँचेस्टरला नेण्यासाठी ही अडीच फुटी, म्हणजे नॅरोगेज लाइन टाकली. मूळ हेतू कापसाचा. माणसं नंतर बसली. मँचेस्टरलाच १९२१ साली तयार झालेलं वाफेचं इंजिन तिने १९२३ ते १९९४पर्यंत ओढलं, मग डिझेल आलं. बाकी देशातल्या रेल्वे सरकारजमा झाल्या, ही मात्र खासगी कंपनीच्या नावावरच राहिली. गाडी चालवायची भारतीय रेल्वेने आणि मोबदला जायचा कंपनीला. मग दुरुस्ती कोणी करायची आणि नवे रूळ कोणी टाकायचे?

रूळ जुने म्हणून वेग कमी, वेग कमी म्हणून व्यापारी ट्रककडे. त्यात मूर्तिजापूरला मोठी लाइन लागायची, म्हणजे छोट्या डब्यातल्या गाठी काढून मोठ्या डब्यात भरायच्या. कापूस गेला, कमावतं लेकरू गेलं. मागे उरली ती डोक्यावर टोपलं घेऊन चढणारी बाई, शाळा-कॉलेजची पोरं आणि दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसं. यांच्या तिकिटावर गाडी 'परवडणार' कशी? २०१६मध्ये रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांच्या काळात या मार्गाच्या ब्रॉडगेजची घोषणा झाली. त्याच वर्षी यवतमाळ-मूर्तिजापूर गाडी थांबली. पुढे अचलपूरकडचीही थांबली. माहेरी जाणाऱ्या कितीतरी बायकांची हक्काची गाडी अशी गेली.

उलट उदाहरणही जवळच आहे. पूर्णा-अकोला मीटरगेज लाइन २००८मध्ये ब्रॉडगेज झाली आणि वाशिम देशाच्या मोठ्या जाळ्याला जोडलं गेलं. आता उत्तरेला आणि दक्षिणेला जाणाऱ्या लांबच्या गाड्या वाशिमवरून धावतात. रुंदी बदलली आणि नशीब बदललं. म्हणजे लाइन मुळातच तोट्याची नसते. तिला वेळेवर हात लावला की नाही, यावर बरंच ठरतं.

आता तिकिटाकडे या. कोरोनात मार्च २०२०मध्ये ज्येष्ठांची सवलत बंद झाली. त्याआधी ५८ वर्षांवरच्या बाईला निम्म्या तिकिटात जाता यायचं. ती सवलत परत आलीच नाही. पॅसेंजर गाड्या 'स्पेशल' म्हणून सुरू झाल्या आणि कमीत कमी तिकीट दहाचं तीस रुपये झालं. फेब्रुवारी २०२४मध्ये ते खाली आलं. पण मधली वर्षं मजुरीला जाणाऱ्या बाईने तिप्पट पैसे मोजले. आणि आपली एसटी? तीही तोट्यातच. तरी १७ मार्च २०२३पासून तिने बायकांना अर्धं तिकीट दिलं, आणि त्या तुटीची भरपाई राज्य सरकारने करायची असं ठरलं. म्हणजे मनात आणलं तर वाट निघते.

मला इथे एक गोष्ट खटकते. बाई दिवसभर घरात राबते, तिचा पगार कुठल्या वहीत लिहिला जात नाही, म्हणून 'ती काही कमवत नाही' असं म्हणतात. पॅसेंजर गाडीचं तसंच झालंय. त्या गाडीने एखादी मुलगी रोज कॉलेजला गेली, गरोदर सून वेळेवर तपासणीला पोचली, गटाचे पापड-लोणचे मोठ्या बाजारात विकले गेले, तर तो नफा रेल्वेच्या खात्यात जमा होत नाही. तो आपल्या घरात जमा होतो. वहीत तेवढा तोटाच दिसतो.

म्हणून सगळंच फुकट द्या, असं माझं म्हणणं नाही. एसीत बसणाऱ्याने एसीचे पैसे मोजावेत. मालगाडीनेही छोट्या व्यापाऱ्याचा चार-दोन डब्यांचा माल घ्यायला शिकावं. ऑगस्ट २०२०मध्ये देवळालीहून दानापूरला निघालेल्या पहिल्या किसान रेल्वेने शेतकऱ्याचा थोडाथोडका माल घेतलाच होता की! पण साध्या डब्यातल्या बाईचं तिकीट हे उपकार म्हणून नको, दवाखाना आणि शाळेसारखीच गरज म्हणून हिशेबात धरा. तिचा खर्च मालगाडीच्या खिशातून चोरून न काढता सरकारने उघडपणे सोसावा.

मंगरूळपीर-कारंजा भागातून रेल्वे जावी ही मागणी जुनी आहे. निवेदनं देणारे बहुतेक पुरुष आणि व्यापारीच असतात. त्यांच्या कागदावर सोयाबीन असतं, तूर असते. बाळंतीण नसते, कॉलेजची पोर नसते. येत्या ग्रामसभेत आपण उठून बोलूया. कोणत्या कामासाठी, आठवड्यातून किती वेळा, किती पैसे खर्चून आपण बाहेरगावी जातो, याची यादी प्रत्येक गटाने करावी आणि ती आपल्या खासदारांकडे आणि रेल्वेच्या विभागीय कार्यालयाकडे पाठवावी. गाडी लगेच येणार नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण उद्या कोणी नफा-तोट्याची वही उघडली, तर आपलंही एक पान त्यात असायला हवं. नाही का?