नवाच्या कसोटीमागचं कारण

नवाने भाग जातो का हे पाहायला अंकांची बेरीज करायची, हे पाठ होतं. बेरीजच का, ते या आठवड्यात गणिताच्या तासाला कळलं. ७३८ म्हणजे सात शतक, तीन दशक, आठ एकक. प्रत्येक शंभर म्हणजे ९९ अधिक १, प्रत्येक दहा म्हणजे ९ अधिक १. नव्व्याण्णव आणि नऊ नवाने पूर्ण भागले जातात. मागे उरतात ७, ३ आणि ८. बेरीज १८, म्हणून ७३८ ला नवाने नि:शेष भाग जातो. किती सुंदर कारण आहे हे!

अंकांच्या जागा बदलल्या तरी बेरीज तीच, म्हणून बाकीही तीच. अशा दोन संख्यांची वजाबाकी मग नेहमी नवाच्या पटीत येते. देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर यांनी १९४९ मध्ये शोधलेला ६१७४ त्याच घरातला. चारही अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्यायची, अंकांच्या उतरत्या मांडणीतून चढती वजा करायची, उत्तरावर पुन्हा तेच (शून्य आलं तर तेही धरायचं). जास्तीत जास्त सात फेऱ्यांत ६१७४ येतोच. ३५२४ घेतली, तर ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. वाटेतल्या दोन्ही संख्याही नवाने भागून पाहा.