पदपथाकडेची बाग आणि पांखरें

पुणें-मुंबईसारख्या शहरांत घराचें कुंपण आणि पदपथाची फरसबंदी यांच्यामध्यें पुष्कळदां हात-दोन हात मातीची पट्टी मोकळी राहते. तिच्यावर कचरा सांचतो, नाहीं तर बोगनवेल चढते. बोगनवेल दिसावयास सुंदर खरी, पण ती मूळची दक्षिण अमेरिकेंतील. आपल्या पांखरांना तिच्यापासून अन्न फारसें मिळत नाहीं. आणि पांखरें शोभा पाहावयास येत नाहींत, पोट भरावयास येतात.

मग तेथें लावावें काय? आपल्या सह्याद्रीच्या उतारावर धायटी वाढते. माघ-फाल्गुनांत तिच्या फांद्या नळीसारख्या तांबड्या फुलांनीं भरतात, व त्यांतील मधासाठीं शिंजीर येतो. अडुळसा वैद्यांस जितका परिचित, तितकाच शिंजिरासही. कढीपत्त्याचीं पिकून काळीं झालेलीं फळें बुलबुल आवडीनें खातो. करवंदही उत्तम, मात्र ती कांटेरी, म्हणून कुंपणालगत लावावी.

शहरांतील चिमण्या कमी झाल्या, अशी हळहळ आपण करतों व गच्चीवर दाणे टाकतों. परंतु चिमणी दाणे टिपणारी असली तरी तिचीं लहान पिलें मुख्यतः किडे व अळ्या यांवर वाढतात. आतां अळ्याही वाटेल त्या झाडावर वाढत नाहींत. कढीपत्ता, बेल यांच्या पानांवर कांहीं फुलपांखरांच्या अळ्या पोसतात. परदेशी शोभेच्या झुडपांकडे त्या सहसा वळत नाहींत. यास्तव कुरतडलेलें पान दिसतांच औषध फवारणें म्हणजे पिलांच्या तोंडचा घास काढणें होय. चार पानांना भोकें पडलीं, तर बाग फुकट गेली नाहीं, ती कामास लागली, असें समजावें.

पदपथ सार्वजनिक आहे. प्रथम नगरपालिकेची अनुमति घ्यावी. चालणाराची वाट अडवूं नये. आषाढांत पाऊस स्थिरावल्यावर रोपें लावावींत व पहिले दोन उन्हाळे पाणी घालावें. वाळलेला पाला जाळूं नये, मुळांशीं पसरावा. जवळच उथळ परळांत पाणी ठेवावें, पण डांस होऊं नयेत म्हणून तें रोज बदलावें.

शेवटीं, घरांतील मुलांच्या हातीं एक वही द्या. कोणतें पांखरूं कोणत्या महिन्यांत कोणत्या झाडावर आलें, एवढेंच त्यांनीं लिहावें. वर्षाअखेर ती वही उघडली, म्हणजे पुढील आषाढांत काय लावावें हें दुसऱ्या कोणास विचारावें लागणार नाहीं.